"गेला की नाही आवाज?" ६४,८०० रुपयांचा डेमो

कानाच्या क्लिनिकमध्ये तपासणी १,५००, '२१ दिवसांत कान शांत' पॅकेज ३८,५००, कानामागे लावायची, मंद आवाज करणारी दोन यंत्रं २४,८००. झाले ६४,८००. कानातली शिट्टी जशीच्या तशी.

टिनिटस म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात वाजणारी शिट्टी. हे पॅकेज ज्या उपचाराच्या नावावर विकलं ती टिनिटस रिट्रेनिंग थेरपी, म्हणजे टीआरटी, हे थोतांड नाही. संशोधक यास्त्रेबॉफ यांच्या १९९० च्या मॉडेलवर ती उभी आहे: समुपदेशन आणि रोज काही तास मंद आवाज, वर्ष-दीड वर्ष. शिट्टी बंद करायची नसते, मेंदूने तिची दखल घेणं सोडायचं असतं. '२१ दिवस' ऐकताच उठायला हवं होतं.

त्याहून मोठी घोडचूक डेमोला. हेडफोन लावून क्लिनिकमधल्या थेरपिस्टने खरखर वाढवत नेली, शिट्टी पार बुडेपर्यंत. मिनिटभराने बंद. "गेला की नाही आवाज?" गेला होता हो, अर्धा मिनिट! याला रेसिड्युअल इनहिबिशन म्हणतात. बऱ्याच जणांना होतं, उपचाराशी संबंध शून्य. टीआरटीत आवाज मुद्दाम शिट्टीपेक्षा खाली ठेवतात, कारण जे ऐकूच येत नाही त्याची मेंदूला सवय कशी लागणार? हे माहीत असून कार्ड पुढे केलं. चार रात्री डोळ्याला डोळा नसला की शहाणपण कुठलं टिकतंय.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, केलीच नाही! ऐकू कमी येत असेल तर पुष्कळदा साधं श्रवणयंत्रच पुरतं. एकाच कानात आवाज असेल किंवा नाडीबरोबर ठोके पडत असतील तर आधी ईएनटी गाठा.

यंत्राचं म्हणाल तर अमेरिकेत सैन्याच्या रुग्णालयांतली १५१ जणांवरची चाचणी २०१९ मध्ये छापून आली. खरी यंत्रं, नकली यंत्रं, नेहमीचे उपचार: दीड वर्षाने तिन्ही गटांत फारसा फरक नाही, आराम मात्र तिन्हींत. आणि आमच्याकडून घेतले २४,८००.

पोलीस म्हणाले, "सेवा मिळाली ना? मग दिवाणी बाब." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, क्लिनिकने "रुग्णाने यंत्र नियमित वापरलं नाही" असं कळवलं आणि तक्रार बंद. यंत्रात वापराचे तास नोंदलेले आहेत, ते बघा म्हटलं तर कोणी बघेना. मेडिकल कौन्सिलचं उत्तर: तो डॉक्टरच नाही, कारवाई कशी करणार? म्हणजे पदवी नसणं हेच त्याचं चिलखत! ऑडिओलॉजिस्टचा (श्रवणतज्ज्ञाचा) आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक पैसे देण्याआधी मागा, 'सर्टिफाइड थेरपिस्ट' चालवून घेऊ नका.

उरला जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. तक्रार गेल्यावर आमच्या क्लिनिकच्या पानावरून '२१ दिवस' गायब झाले.