‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ डॅटसन २४०झेड: झाकलेला गंज आणि बदललेला इंजिन नंबर

जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार विकत घेऊन ती घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने पूर्ववत करण्याची इच्छा असलेल्या मराठी मंडळींसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मी न्यू जर्सीत राहतो. १९७२ सालची एक डॅटसन २४०झेड मी दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडून २३,५०० डॉलरला घेतली. गाडी आयुष्यभर ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत राहिली आहे, तळाच्या पत्र्याचे सगळे काम नव्याने झाले आहे आणि इंजिन कारखान्यातून आलेले मूळचेच आहे, असे तीन दावे जाहिरातीत होते. हे तिन्ही दावे खोटे निघाले, आणि ते विक्रेत्याच्या अज्ञानातून आलेले नव्हते. प्रत्येक खोटेपणा लपवण्यासाठी त्याने वेगळी मेहनत घेतलेली होती. तक्रार अजून प्रलंबित असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही, पण त्याची पद्धत मात्र तपशिलाने सांगणे आवश्यक वाटते, कारण नाव बदलून तीच पद्धत वापरणारा तो एकटा नसणार.

याच गाडीच्या बाबतीत असे प्रकार का होतात, हे आधी समजून घ्यायला हवे. डॅटसन हे निसान कंपनीचेच नाव. निसानने १९६९ च्या अखेरीस जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ या नावाने ही गाडी आणली आणि अमेरिकेत ती डॅटसन २४०झेड म्हणून ३,५२६ डॉलरला विकली. युताका कातायामा यांच्या नेतृत्वाखालच्या अमेरिकेतल्या कंपनीने तिला हातोहात खपवले. २,३९३ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन, दोन कार्ब्युरेटर आणि १५१ अश्वशक्ती एवढे सगळे त्या किमतीत युरोपातली कोणतीही कंपनी देत नव्हती. पुढे अनेक वर्षे या गाड्या स्वस्तात मिळत राहिल्या, पण आता चित्र पालटले आहे. जानेवारी २०२० मध्ये १९७१ सालच्या, मूळ स्थितीत जपलेल्या एका २४०झेडला लिलावात ३ लाख १० हजार डॉलर मिळाले, आणि तेव्हापासून कोणत्याही सडक्या सांगाड्यावर चकचकीत रंग मारून तो विकण्यात पैसा आहे, हे सगळ्यांना कळले.

वास्तविक ही गाडी प्रामाणिकपणे पूर्ववत करणे किती खर्चाचे आहे, याचा दाखला खुद्द निसाननेच दिलेला आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने जुन्या २४०झेड गोळा करून, त्या नव्यासारख्या करून सुमारे २५,००० डॉलरला विकण्याचा उपक्रम हाती घेतला होता. पन्नास गाड्याही पुऱ्या होण्याआधी तो गुंडाळावा लागला. मग एखादा माणूस त्याच सुमाराच्या किमतीत, तीही आजच्या काळात, ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ गाडी देऊ करत असेल, तर त्याने पत्र्यावर नेमके किती तास घालवले असतील, हा हिशेब घेणाऱ्याने करायलाच हवा.

या गाडीचा खरा शत्रू गंज आहे. तिला वेगळी चेसिस नाही. तळ, दोन्ही बाजूंचे रॉकर पॅनेल (दारांखालच्या पोकळ पट्ट्या), तळाखालून जाणारे रेल आणि मागच्या चाकांच्या कमानी हे सगळे मिळूनच तिचा सांगाडा बनतो. त्या काळचा पत्रा पातळ होता आणि गंजरोधक प्रक्रिया आजच्या तुलनेत नगण्य होती. पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत गेलेले पाणी कचऱ्याने तुंबते, बॅटरीतले आम्ल तिच्याखालच्या तबकाला आणि त्याखालच्या रेलला खाते, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ उरलेले काम करते. म्हणून ‘ॲरिझोनाची गाडी’ या दोन शब्दांना बाजारात हजारो डॉलरची किंमत आहे आणि म्हणूनच ते शब्द सर्रास खोटे लिहिले जातात.

विक्रेत्याने विश्वास बसावा म्हणून तीन गोष्टी पुढे केल्या होत्या. पहिली म्हणजे रिस्टोरेशनच्या छायाचित्रांचा भला मोठा अल्बम: उघडा सांगाडा, कापलेला तळ, नवा पत्रा, राखाडी प्रायमर, मग रंग. दुसरी म्हणजे एका गॅरेजचा तपासणी अहवाल. तिसरी म्हणजे गाडीच्या पूर्वेतिहासाचा संगणकीय अहवाल, ज्यात एकही अपघात किंवा विमा कंपनीने मोडीत काढल्याची नोंद नव्हती. या तिन्हींपैकी एकही कागद प्रत्यक्षात काहीच सिद्ध करत नव्हता. अमेरिकेत सतरा अंकाक्षरांचा चेसिस नंबर १९८१ पासून सक्तीचा झाला आणि असे अहवाल त्याच नंबरांवर चालतात. २४०झेडचा नंबर ‘एचएलएस३०’ आणि त्यापुढे काही अंक एवढाच असतो. अशा नंबरावर काहीही नोंद सापडली नाही, याचा अर्थ इतिहास स्वच्छ आहे असा नसून इतिहास तपासलाच गेलेला नाही असा आहे. तपासणी करणारे गॅरेज विक्रेत्यानेच सुचवले होते. नंतर मी त्यांना फोन केला तेव्हा आपण केवळ ब्रेक, दिवे आणि टायर पाहिले, गाडी लिफ्टवर घेतलीच नव्हती, असे त्यांनी सांगून हात झटकले. ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येत आहे’ हा निरोप विसाराच्या आदल्या संध्याकाळी आला, तोही याच पद्धतीचा भाग होता.

गाडी बंद ट्रकमधून घरी आली तेव्हा तिचा रंग, काचांचे रबर, आतले सीट-कव्हर सगळे नजरेत भरण्यासारखे होते. खालचा भाग नव्याकोऱ्या काळ्या डांबरी अंडरकोटने जाड लिंपलेला होता. पुढच्या सस्पेन्शनचे बुश बदलायचे म्हणून मी तळाखालच्या रेलला जॅक लावला आणि गाडी उचलली जाण्याऐवजी रेलच आत दबला. दबताना कोरडी माती चुरडल्यासारखा आवाज आला. अंडरकोटचा पापुद्रा सुटला आणि त्यामागून तपकिरी भुगा खाली सांडू लागला. माझ्या मामांनी कोल्हापुरात अनेक वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम केले आहे, त्यांना व्हिडिओ कॉलवर हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “खालनं एवढं काळं कुळकुळीत दिसतंय म्हणजे आधी टोचून बघायचं. लपवायचं काय नसंल तर एवढं जाड कोण मारतंय?” त्यांच्या सांगण्यावरून स्क्रू-ड्रायव्हरने टोचत गेलो, तर डाव्या बाजूला तो तीन ठिकाणी मुठीपर्यंत आत गेला.

मग आतली बाजू उघडली. या गाडीच्या तळावर आवाज दाबण्यासाठी कारखान्यात डांबरी थर चिकटवलेला असतो. तो काढायचा तर त्यावर ड्राय आइस (घन कार्बन डायऑक्साइड) पसरून थोडा वेळ थांबायचे आणि हातोडीने हलके ठोकायचे, म्हणजे तो ठिसूळ होऊन तुकड्या-तुकड्यांनी सुटतो. हातमोजे घालावेत आणि गॅरेजचे दार उघडे ठेवावे, कारण निघणारा वायू बंद जागेत घातक असतो. थर सुटल्यावर त्याखाली मूळ तळाचा पत्रा दिसायला हवा होता. दिसला तो नवा पातळ पत्रा, कडेने रिव्हेट मारलेला आणि सांध्यांवर सीलंट फासलेला. रिव्हेट ड्रिलने काढून तो उचलला तेव्हा खाली कारखान्याचा जुना तळ चाळणी झालेल्या अवस्थेत तसाच होता. वेल्डिंगचा एक टाकाही कुठे नव्हता. चालकाच्या सीटचे ब्रॅकेट ज्या पत्र्यावर बसवले होते तो पत्रा केवळ रिव्हेटांच्या आधारावर उभा होता. मागच्या चाकांच्या कमानीपुढचा भाग आणि रॉकर यांच्या पोकळीत फोम भरून, त्यावर फायबरची जाळी आणि पुट्टी देऊन वरून तो सुंदर घासलेला होता. फोम पाणी धरून ठेवतो, त्यामुळे उरलेला पत्राही आतून सडत होता. पैशांचे नुकसान भरून येईल, पण अशा गाडीत माझी मुलगी शेजारच्या सीटवर बसली होती, हे आठवले की आजही संताप होतो.

इंजिनाची लबाडी उघड व्हायला अधिक काळ लागला. इंजिनाच्या जागेत आतल्या बाजूला निर्मात्याची पट्टी असते. तिच्यावर २,३९३ सीसी ही क्षमता आणि इंजिन नंबर कोरलेला असतो. ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा, नंबर त्या पट्टीशी तंतोतंत जुळत होता आणि जाहिरातीत या जुळणीचे मोठे छायाचित्र होते. पुढे एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आल्यामुळे हेड उतरवले आणि सिलिंडरचा व्यास मोजला, तर तो ८६ मिलिमीटर भरला. मूळच्या एल२४ इंजिनाचा व्यास ८३ मिलिमीटर असतो. ८६ हा १९७५ पासूनच्या २८०झेड या नंतरच्या मॉडेलमधल्या एल२८ इंजिनाचा आकडा आहे. ब्लॉक धुऊन पाहिल्यावर ओतकामातच उमटलेली ‘एन४२’ ही खूण दिसली, आणि तीही एल२८ चीच आहे. म्हणजे ब्लॉकवरचा खरा नंबर घासून काढून त्या जागी पट्टीवरचा नंबर ठोकला होता. आडव्या प्रकाशात पाहिले तर ती जागा आजूबाजूच्या खडबडीत ओतीव पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत दिसते आणि अंकांची ओळ थोडी वर-खाली गेलेली आहे. एल२८ हे वाईट इंजिन मुळीच नाही. अनेक जाणकार ते मुद्दाम बसवून घेतात आणि तसे सांगून गाडी विकतात. नंबर घासून ते मूळचे म्हणून विकणे हा मात्र सरळसरळ गुन्हेगारी हेतू आहे.

छायाचित्रांचे गौडबंगाल एका जुन्या झेडप्रेमी गृहस्थांनी उलगडून दाखवले. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या दारावर, काचेखाली हवेसाठी दोन जाळ्या असत. १९७१ च्या सुरुवातीलाच त्या निघून गेल्या. अल्बममधल्या सांगाड्याच्या मागच्या दारावर त्या जाळ्यांच्या जागा स्पष्ट कापलेल्या होत्या. माझ्या १९७२ च्या गाडीच्या दाराचा पत्रा तेथे सलग आहे आणि त्याखाली पुट्टीही नाही. रिस्टोरेशन खरेच झाले होते, पण ते दुसऱ्याच कोणाच्या गाडीचे.

कायद्याचा आधार किती मिळतो, हेही सांगितले पाहिजे. खाजगी विक्रीत ‘आहे त्या स्थितीत’ हे कलम असते आणि विक्रेता त्याच्याआड लपतो. वकिलांच्या मते हे कलम जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानांना संरक्षण देत नाही, परंतु ती विधाने लेखी असावी लागतात. माझ्याकडे जाहिरातीची जतन केलेली प्रत आणि ‘इंजिन मूळचेच आहे’ असे लिहिलेला निरोप आहे, म्हणूनच दाव्यात काही जीव आहे. फोनवर दिलेल्या आश्वासनांचा काही उपयोग झाला नाही. पैसे बँकेतून वायरने गेले होते आणि ते परत मिळवण्याची मुदत तासांत मोजावी लागते, महिन्यांत नव्हे. इंटरनेटवरच्या जाहिरातीतून झालेल्या फसवणुकीची नोंद मी एफबीआयच्या तक्रार केंद्राकडे आणि विक्रेत्याच्या राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाकडे केली आहे.

चुंबक फिरवून पुट्टी ओळखता येते, असा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो अपुरा आहे, कारण गंजक्या तळावर रिव्हेट केलेल्या नव्या पत्र्यालाही चुंबक चिकटतो. रंगाची जाडी मोजणारे यंत्र पुट्टी नक्की दाखवते: मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो आणि आकडा हजाराच्या पलीकडे गेला की खाली पुट्टी आहे असे समजावे. पण तळासाठी गाडी लिफ्टवर घेऊन, आतला गालिचा उचलून आणि रॉकरच्या पाणी निघण्याच्या छिद्रांतून बारीक कॅमेरा आत सोडून पाहण्याला पर्याय नाही. तपासणारा माणूस तुम्ही नेमलेला आणि तुम्ही पैसे दिलेला असावा. डॅशबोर्डवरचा, फायरवॉलवर (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यावर) ठोकलेला आणि इंजिनाजवळच्या पट्टीवरचा असे तिन्ही चेसिस नंबर एकाच न तोडलेल्या व्हिडिओत, गाडीभोवती फिरत दाखवायला सांगावे. इंजिन नंबराबरोबर ब्लॉकवरची ओतीव खूणही दाखवायला सांगावी. रिस्टोरेशनच्या छायाचित्रांत फायरवॉलवरचा नंबर कुठेच दिसत नसेल, तर ती छायाचित्रे त्या गाडीची आहेत असे धरू नये. आणि निवड करायचीच असेल तर गंज उघडा दिसणारी, रंग न मारलेली गाडी घ्यावी असे माझे ठाम मत झाले आहे. तिच्यात किती काम आहे हे निदान मोजता येते, आणि लपवाछपवीसाठी कोणी पत्र्याला आणखी भोके पाडलेली नसतात.

सध्या माझी गाडी गॅरेजमध्ये स्टँडवर आहे. दारांच्या चौकटींना आतून लोखंडी आधार वेल्ड करून घेतले आहेत, कारण ते न लावता रॉकर कापला तर सांगाडा वाकतो आणि दारे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. डावा तळ आणि रेल कापून झाले आहेत, उजवी बाजू बाकी आहे. कापलेला प्रत्येक तुकडा तारीख टाकून, छायाचित्र काढून पुरावा म्हणून ठेवला आहे.

तोच अल्बम या उन्हाळ्यात दुसऱ्या एका गाडीच्या जाहिरातीत पुन्हा वापरलेला आढळला. राखाडी प्रायमर, मागच्या दारावर दोन जाळ्यांच्या जागा, मागे पांढरी विटांची भिंत आणि पिवळ्या रंगाचे इंजिन उचलण्याचे यंत्र, अशी छायाचित्रे १९७१ नंतरच्या कोणत्याही २४०झेडच्या जाहिरातीत दिसली, तर विसार देऊ नये आणि जाहिरातीची प्रत तारखेसह जपून ठेवावी. तपास करणाऱ्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा तीच मागितली.