डोक्याला मार, फेडरल क्लेम आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट: आमचा अनुभव

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठे गेला ते पुढे सांगते.

मेंदूच्या कामाच्या चाचण्या घेणाऱ्या या क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण अमेरिका केवढी मोठी, तुमच्या जवळ ते असेलच असं नाही. पण असं ठिकाण शोधताना काय बघायचं हे आम्हाला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर आमचे खूप महिने वाचले असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचे हे एका फेडरल (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या) खात्याच्या गोदामात १७ वर्षं आहेत. तिथे कामावर असताना शिडीवरून पडले आणि डोक्याची उजवी बाजू रॅकच्या लोखंडी कडेवर आपटली. दोन-तीन मिनिटं शुद्ध नव्हती. इमर्जन्सीत सीटी स्कॅन काढला, तो नॉर्मल आला, रात्रीच घरी सोडलं. सीटी नॉर्मल म्हणजे मेंदूला काही झालेलं नाही, असं मीही धरून चालले. ज्याला सौम्य म्हणतात त्या प्रकारच्या मेंदूच्या दुखापतीत सीटी बहुतेक वेळा स्वच्छच येतो, हे मला नंतर कळलं. आणि 'सौम्य' हे नाव फक्त सुरुवातीच्या स्थितीवरून दिलेलं असतं, म्हणजे बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आतली, असं. पुढचे महिने कसे जातील ते त्या शब्दात नसतं.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी अर्धा दिवस कामावर जायला सांगितलं. सकाळी हे डबा घेऊन निघाले. थोड्या वेळाने मी सहज खिडकीतून बघितलं तर गाडी ड्राइव्हवेतच उभी, इंजिन चालू, हे आत बसलेले. चाळीस मिनिटं झाली होती. मी जाऊन काच वाजवली. म्हणाले, "अगं, डावीकडे वळायचं की उजवीकडे, तेच ठरत नाहीये." गोदामातली कुठली पेटी कुठल्या रॅकवर आहे हे ज्या माणसाला तोंडपाठ, तो हे म्हणत होता.

कामावरच्या दुखापतीच्या भरपाईच्या क्लेमचं सांगते. त्यासाठीच्या ईकॉम्प या सरकारी पोर्टलवर दुखापत कळवायचा सीए-१ फॉर्म आम्ही ३० दिवसांच्या आत भरला होता. क्लेम करायला कायद्याने ३ वर्षं मिळतात, पण ४५ दिवसांपर्यंत नेहमीचा पगार चालू राहायला हवा असेल तर ३० दिवसांची मुदत पाळावी लागते. तेवढं आम्ही केलं. आणि तरी नकाराचं पत्र आलं. पडल्याचं मान्य होतं, पण पडण्याचा आणि या लक्षणांचा संबंध वैद्यकीय पुराव्याने सिद्ध होत नाही, असं त्यात होतं. नकार आला की त्या ४५ दिवसांचा पगारही रजेतून वळता करावा लागतो किंवा परत द्यावा लागतो. ह्यांची साठवलेली सिक लीव्ह त्यात गेली.

दोन दिवस मला राग आवरेना. मग पत्र तिसऱ्यांदा नीट वाचलं आणि आमच्याच कागदांतली भोकं दिसायला लागली. इमर्जन्सीच्या कागदावर सही फिजिशियन असिस्टंटची, म्हणजे रुग्ण तपासणाऱ्या पण डॉक्टर नसलेल्या सहायकाची होती. फेडरल कर्मचाऱ्यांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात तेव्हा फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स प्रॅक्टिशनरचा कागद, त्यावर डॉक्टरची सही असल्याशिवाय, वैद्यकीय पुरावा म्हणून धरत नव्हते. दुसरा कागद फॅमिली डॉक्टरांचा. त्यांनी मनापासून लिहिलं होतं, पण एकच ओळ: लक्षणं पडण्यामुळे असू शकतात. 'असू शकतात'ने भागत नाही. माणूस कसा पडला, डोकं कुठे आपटलं, त्याने मेंदूच्या कामात काय बिघडतं आणि म्हणून आज काय जमत नाही, ही साखळी डॉक्टरने कारणांसकट लिहावी लागते.

तेव्हा एका नर्सने या क्लिनिकचं नाव सुचवलं. तिथल्या डॉक्टर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, न्यूरोसायकॉलॉजीत काम करतात, म्हणजे मेंदूच्या दुखापतीने लक्ष, आठवण, विचार यांत काय बिघडलं ते चाचण्यांनी मोजतात. कायद्यातल्या 'फिजिशियन'च्या व्याख्येत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट येतात, म्हणजे त्यांच्या सहीला वजन आहे. हे मी फोनवरच विचारून घेतलं. दुसरं विचारलं ते हे, की ओडब्ल्यूसीपीकडे, म्हणजे हे क्लेम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, तुमची नोंदणी आहे का. नसेल तर बिलाचा घोळ होतो. आमचा क्लेम तेव्हा नाकारलेला होता, त्यामुळे पैसे आम्हीच भरले आणि क्लेम मंजूर झाल्यावर ओडब्ल्यूसीपी-९१५ फॉर्म लावून परत मागितले. पावत्या एकूण एक जपून ठेवा.

अर्धा तारा इथे कापला: अपॉइंटमेंटला चार महिने थांबावं लागलं. नकारानंतर फेरविचाराच्या अर्जाला एक वर्ष असतं म्हणून निभावलं, पण घरात असा माणूस असताना चार महिने म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत. शिवाय पहिल्या रिपोर्टमध्ये अपघाताची तारीख चुकली होती. फोन केला तर दोन दिवसांत दुरुस्त करून दिला. तरी तुम्ही प्रत्येक पान वाचाच. अशा क्लेममध्ये तारखेची चूक महागात पडते.

आता चांगलं. चाचण्या सहा तासांच्या. त्यांनी आपणहून दोन सकाळींत वाटल्या, कारण दुपारनंतर ह्यांचं डोकं दुखायला लागतं हे मी फॉर्मवर लिहिलं होतं आणि ते कुणीतरी खरंच वाचलं होतं. खोलीतला ट्यूबलाइट आधीच बंद करून साधा दिवा लावला होता. असं आमच्यासाठी तोवर कुणीच केलं नव्हतं.

मला वेगळं बोलावून डॉक्टरबाईंनी तासभर ऐकून घेतलं. त्यांचा एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. "आधी हे न सांगता करायचे आणि आता सांगितल्याशिवाय होत नाही, असं काय काय आहे?" मी बोलायला लागले आणि थांबताच येईना. दाराला कडी, गॅस बंद, आईला रविवारचा फोन, बिलं. बाई लिहीत होत्या, मधेच तारखा विचारत होत्या. ते सगळं रिपोर्टात आलं, कामावरच्या जबाबदाऱ्यांना जोडून.

चाचण्यांमध्ये माणूस मनापासून प्रयत्न करतोय का, हे तपासणाऱ्याही काही असतात. हे कळल्यावर मला अपमान वाटला. बाईंनी शांतपणे सांगितलं, "या चाचण्या त्यांच्या बाजूने बोलतील. उद्या कुणी म्हणालं की हे ढोंग करतात, तर उत्तर याच पानावर असेल." तसंच झालं. पुढे ओडब्ल्यूसीपीकडून सेकंड ओपिनियनसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं पत्र आलं तेव्हा तो विषय निघालाच नाही.

निकाल सांगायला बोलावलं तेव्हा टेबलावर एक कागद होता. आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायची चाचणी, १ वरून ए, ए वरून २, असं. पहिल्या चार गोलांपर्यंत रेघ सरळ गेली होती. पाचव्यापाशी पेन्सिल थांबली होती आणि एकाच जागी दाबून दाबून कागदाला काळा खड्डा पडला होता. ड्राइव्हवेतली गाडी मला तिथे कागदावर दिसली. बाई सगळा वेळ ह्यांच्याशीच बोलल्या, माझ्याशी नाही. हळू, एका वेळी एकच गोष्ट. हे म्हणाले, "म्हणजे मी आळशी झालो नाहीये." बाई म्हणाल्या, "नाही." मी त्या खोलीत रडले, लपवून काय करू.

रिपोर्ट २२ पानांचा. 'असू शकतं' कुठेही नाही. त्याच्या आधाराने न्यूरॉलॉजिस्टनेही स्वतःचं सविस्तर पत्र दिलं. दोन्ही जोडून फेरविचाराचा अर्ज केला आणि क्लेम मंजूर झाला. आता बुडालेल्या पगाराच्या ७५ टक्के मिळतात, करमुक्त. अवलंबून कुणी नसेल तर दोन तृतीयांश.

एक गोष्ट मला अजून सलते. कायमच्या नुकसानीसाठी किती आठवड्यांची भरपाई द्यायची याची कायद्यात जी यादी आहे तिच्यात खांद्यापासून अख्ख्या हाताचे ३१२ आठवडे आहेत, अख्ख्या पायाचे २८८, डोळ्याचे १६०. मेंदू त्या यादीत नाही. ज्याच्यावाचून हात आणि पाय कुणाचेच नाहीत, तोच नाही. हेही पहिल्यांदा याच बाईंनी सांगितलं, आणि ह्यांच्या हातातली कमजोरी मेंदूच्या दुखापतीतून आली असेल तर तिची वेगळी तपासणी करून घ्या, कारण हाताचं नुकसान मोजता येतं, असं रिपोर्टात लिहून दिलं. सुधारणा थांबली, स्थिती स्थिर झाली, असं डॉक्टर म्हणतील तेव्हा तो अर्ज करायचा आहे.

वर्षाने पुन्हा चाचण्या आहेत. तिथेच जाणार. चार महिन्यांची रांग माहीत असल्यामुळे नंबर आत्ताच लावून ठेवलाय, सकाळी साडेआठचा.