शहरातलं छोटं घर की उपनगरातलं मोठं?

उपनगरात तेवढ्याच पैशात एक खोली जास्त मिळते, रात्री शांत झोप लागते, हे सगळं खरंय, पण लोक नुसती भाड्याची तुलना करतात आणि वेळ हिशोबात धरतच नाहीत. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, महिन्याचे २२ दिवस म्हणजे ५५ तास झाले की! ऑफिसच्या अख्ख्या आठवड्याहून जास्त आणि त्याचा पगार कोणी देत नाही. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस सरासरी रोज तासभरच प्रवासाला देतो, इथे तर त्याच्या अडीचपट होतंय.

शहरात जागा कमी, आवाज, पार्किंगची मारामारी. पण एक बस चुकली तरी दुसरी लगेच येते, उपनगरात पहिली गाडी पाच मिनिटं लेट झाली की पुढची पण जाते आणि घरी पोचेपर्यंत मुलं झोपलेली असतात, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असेल तर उपनगर बिनधास्त घ्या, रोज जायचं असेल तर शहरच. आणि घर बघायला रविवारी जाऊ नका, सोमवारी सकाळी तिथून ऑफिसला निघून बघा.