अपघाताच्या दाव्यासाठी विधी सेवेतून वकील घेतला: चौदा महिन्यांचा अनुभव

लालबागला माझं पोळीभाजी केंद्र आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात भारतमाताच्या सिग्नलला रस्ता ओलांडताना वळणाऱ्या गाडीने मला उडवलं. उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवली. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही.

हॉस्पिटलात तिसऱ्याच दिवशी एक माणूस कॉटजवळ आला. "वीस लाख मिळवून देतो, त्यातले तीस टक्के आमचे." हात प्लास्टरमध्ये, तर कोऱ्या वकीलपत्रावर अंगठाही चालेल म्हणाला! भावजयीने थांबवलं म्हणून वाचले. निकालावर टक्केवारीने फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे, हे मला नंतर कळलं.

मग 15100 या सरकारी विधी सेवेच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या, हेल्पलाइनवर फोन केला. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे माझ्या ओळखीत एकीलाही ठाऊक नव्हतं.

मिळालेल्या वकीलताईंनी पहिला अर्धा तास पैशाचं नावच काढलं नाही. दिवसाला पोळ्या किती, लाटणं कसं धरता, कणीक कोण मळतं, आता कुठे दुखतं, हेच विचारत होत्या. त्याचं कारण पुढे कळलं. माझ्या दाखल्यावर 16 टक्के अपंगत्व आहे आणि मी समजत होते की भरपाईही त्याच हिशेबाने. पण सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या एका निकालात सांगितलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान एक नव्हे, माणूस काय काम करतो ते पाहायचं. पोळ्या लाटणारीचं उजवं मनगट गेलं तर 16 टक्क्यांत काय मावणार?

शिवाय वर्षाच्या नुकसानीला वयाप्रमाणे गुणक लागतो. माझ्या 43 वर्षांना 14. म्हणजे महिन्याच्या नुकसानीतले हजार रुपये सिद्ध करायचे राहिले तर 1,68,000 गेले. माझं इन्कम टॅक्स रिटर्न नाही. ताईंनी डबेवाल्या गिऱ्हाइकांची वही, गिरणीची बिलं, यूपीआयच्या नोंदी, सगळं मागवलं. ती वही मी रद्दीत घालणार होते.

अपघात 1 एप्रिल 2022 नंतरचा असेल तर दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. फिर्याद आणि पंचनाम्याच्या नकला मिळवण्यातच आमचे दोन महिने गेले, दावा पाचव्या महिन्यात दाखल झाला. तुम्ही नकलांचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

तक्रारही आहे. ताई दिवसा फोन उचलत नाहीत, उत्तर रात्री उशिरा येतं. एक तारीख पुढे गेल्याचं मला तिथे पोहोचल्यावर कळलं, त्या दिवशीचे डबे बुडाले.

उलटतपासणीत गाडीच्या विमा कंपनीचे वकील म्हणाले, "लाटायला बाई ठेवता येते ना?" मी म्हटलं, ठेवलीय, महिना 9,000 देते. ताईंनी तिच्या पगाराच्या सह्या आधीच दाखल केल्या होत्या.

लोकअदालतीत कंपनीने तीन लाख देऊ केले, हिशेब तोच 16 टक्क्यांचा. तिथे तडजोड झाली की अपील नाही, हे ताईंनी दोनदा समजावलं आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी नाही म्हटलं. पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष आहे. एक्स-रेचं पाकीट कपाटातून काढून ठेवलंय.