एफ-३५, सुखोई-५७ की ‘ॲम्का’ची प्रतीक्षा : बाजू ठरवण्यापूर्वीचा तुलनात्मक आढावा

भारताने अमेरिकेचे एफ-३५ किंवा रशियाचे सुखोई-५७ यांसारखे परदेशी बनावटीचे स्टेल्थ (रडारला सहज न दिसणारे) लढाऊ विमान विकत घ्यावे, की ‘ॲम्का’ हे स्वदेशी स्टेल्थ विमान तयार होईपर्यंत थांबावे, हा प्रश्न सोलापुरातील महाविद्यालयीन वादविवादांत आणि निवृत्त सैनिकांच्या गप्पांत अलीकडे वारंवार निघतो. ज्याला यातली एक बाजू घ्यायची असते तो बहुधा वेग, उंची आणि क्षेपणास्त्रांची संख्या यांचा तक्ता मांडून बसतो. तो तक्ता चुकीचा नसतो, पण त्यातून निर्णय निघत नाही. हवेत असताना कोणते विमान सरस आहे यापेक्षा, ते जमिनीवर असताना त्याच्यावर कोणाची हुकमत चालते आणि ते आपल्या हाती कोणत्या वर्षी पडते, या दोन गोष्टींना मी अधिक वजन देतो आणि पुढची तुलना त्याच दृष्टीने केली आहे.

स्टेल्थ म्हणजे अदृश्यता नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवे. रडारने सोडलेल्या लहरी विमानावर आदळून परत येतात. हे परावर्तन कमी केले की विमान उशिरा दिसते, पण किती उशिरा याचे गणित फार कंजूष आहे. रडारचा पल्ला परावर्तनाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे परावर्तन १६ पटींनी घटवले तरी पल्ला केवळ निम्मा होतो, आणि ३०० किलोमीटरवरून साधे विमान टिपणाऱ्या रडारला ते ३० किलोमीटरपर्यंत दिसू द्यायचे नसेल, तर परावर्तन १०,००० पटींनी कमी करावे लागते. एवढी घट केवळ रंग फासून येत नाही. त्यासाठी विमानाच्या कडा ठरावीक कोनांत जुळवाव्या लागतात, इंजिनाची पाती समोरून दिसू नयेत म्हणून हवेचा मार्ग वळवावा लागतो, क्षेपणास्त्रे पोटातल्या कप्प्यात ठेवावी लागतात, आणि अंगावर लहरी शोषणारा लेप सतत दुरुस्त करत राहावा लागतो. इतके करूनही लांब तरंगलांबीची रडारे अशा विमानाचा माग काढू शकतात. मार्च १९९९ मध्ये सर्बियाने अमेरिकेचे एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडले, ते १९६० च्या दशकातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्र यंत्रणेने.

मग घाई कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. चीनचे जे-२० हे स्टेल्थ विमान जानेवारी २०११ मध्ये प्रथम उडाले आणि २०१७ पासून सेवेत आहे. मे २०२४ मध्ये उपग्रह छायाचित्रांत ही विमाने तिबेटमधील शिगात्से येथे, म्हणजे सिक्कीमच्या सीमेपासून दीडशे-एक किलोमीटरवर उभी दिसली होती. चीनने पाकिस्तानला जे-३५ ही ४० स्टेल्थ विमाने देऊ केल्याचे तिथल्या सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले. ती प्रत्यक्षात कधी येतील हे वेगळे, पण दिशा उघड आहे. इकडे भारतीय हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) मंजूर असताना, २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिल्यानंतर ती संख्या २९ वर आली. थोडक्यात, आपल्यापुढे दर्जाची आणि संख्येची अशा दोन उणिवा एकाच वेळी आहेत, आणि वादविवादात बहुतेक घोटाळा होतो तो या दोन उणिवा एकच समजल्यामुळे.

भारतापुढच्या पर्यायांतले एफ-३५ हे निःसंशय सर्वांत पक्व विमान आहे. जानेवारी २०२४ पर्यंत त्याची १,००० विमाने बांधून झाली होती. इस्रायलने ते प्रत्यक्ष युद्धात वापरले आहे. कमाल वेग ध्वनीच्या १.६ पट, म्हणजे मिग-२१ पेक्षाही कमी, असे सांगून त्याला हिणवले जाते. पण त्याचे बळ वेगात नाहीच. चारही दिशांची माहिती गोळा करून ती वैमानिकाच्या शिरस्त्राणातील पडद्यावर एकत्र दाखवणे आणि तीच माहिती इतर विमानांना पुरवणे, ही त्याची खरी ताकद आहे. ज्याला केवळ यंत्राची तुलना करायची आहे त्याने इथेच थांबून एफ-३५ निवडावे.

खर्चाकडे आणि अटींकडे वळले की चित्र पालटते. उत्पादनाच्या अलीकडच्या काही टप्प्यांत हवाई दलासाठीच्या प्रकाराची सरासरी किंमत विमानामागे सुमारे ८ कोटी २५ लाख डॉलर होती, आणि ती ऐकायला वाईट नाही. मात्र अमेरिकेच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी अमेरिकी ताफ्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अंदाज १ लाख ५८ हजार कोटी डॉलरवर नेऊन ठेवला आहे, आणि मार्च २०२३ मध्ये त्यातली जेमतेम ५५ टक्के विमानेच कामगिरीसाठी सज्ज होती, असेही त्यांनीच नोंदवले आहे. ज्या देशाने विमान घडवले, ज्याच्याकडे सुट्या भागांची कोठारे आहेत, त्याची ही अवस्था आहे. शत्रूच्या रडारांची ओळख पटवणारी माहितीची धारिका बहुतेक ग्राहकांसाठी अमेरिकेतच तयार होते. आपली स्वतंत्र उपकरणे बसवण्याची मुभा इस्रायलने मिळवली, तशी आपल्याला मिळेल असे मानायला आधार नाही. तुर्कस्तान या प्रकल्पात भागीदार होता. त्याने रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्याबरोबर जुलै २०१९ मध्ये त्याला बाहेर काढण्यात आले. तीच एस-४०० आपण २०१८ मध्ये करार करून घेतली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी भारताला एफ-३५ देण्याचा मार्ग मोकळा करत असल्याचे सांगितले खरे, पण याबाबत औपचारिक चर्चा झालेली नाही, असे उत्तर आपल्या सरकारने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोकसभेत दिले.

१४ जून २०२५ रोजी ब्रिटिश नौदलाचे एक एफ-३५ तिरुवनंतपुरमला उतरले आणि बिघाडामुळे पाच आठवड्यांहून अधिक काळ तिथेच अडकले. त्यावर विनोद पुष्कळ झाले. मला त्यातली लक्षणीय बाब वाटली ती ही की, दुरुस्तीसाठी ब्रिटनहून अभियंत्यांचे पथक आणि सामग्री येईपर्यंत इथे कोणालाच काही करता येण्याजोगे नव्हते.

सुखोई-५७ ची गोष्ट नेमकी उलट आहे. स्टेल्थच्या आकारशास्त्राला आधार देणारे गणित प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडले आणि त्याचा पहिला मोठा लाभ अमेरिकेने उठवला. रशियाचे स्वतःचे स्टेल्थ लढाऊ विमान उडाले ते थेट जानेवारी २०१० मध्ये. त्याला दोन इंजिने आहेत, बाजूंना पाहणारी रडारे आहेत, पोटातले कप्पे मोठे आहेत आणि हवेतील चपळाईत ते एफ-३५ ला सहज मागे टाकील. मात्र मागून दिसणारी इंजिनांची गोल धुराडी आणि पात्यांपुढे पूर्ण न वळणारा हवेचा मार्ग पाहता, त्याचे परावर्तन एफ-३५ च्या जवळपास जात असेल असे मानणे कठीण आहे. रशियाने २०१९ मध्ये ७६ विमानांची मागणी नोंदवली. त्याच डिसेंबरात पहिले उत्पादित विमान कोसळले आणि पुरवठा त्यानंतर वर्षभराने, २०२० च्या अखेरीस सुरू झाला. इतक्या संथ गतीने विमाने बांधणारा कारखाना युद्ध चालू असताना आपली मागणी वेळेवर पुरी करील, हे मला पटत नाही.

सुखोईच्या बाजूने एक मुद्दा मात्र भक्कम आहे. सुखोई-३० चे उत्पादन नाशिकजवळच्या ओझरला झाले, तिथली माणसे ही घडण ओळखतात, आणि त्याच सुविधांचा वापर करून भारतात उत्पादन करण्याची तयारी रशियाने दाखवली आहे. त्याच्या जोडीला हेही लक्षात ठेवावे की याच विमानावर आधारित संयुक्त प्रकल्पात आपण होतो. प्राथमिक आराखड्यासाठी २०१० मध्ये २९ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला होता, आणि २०१८ मध्ये आपण त्यातून बाहेर पडलो. तेव्हाच्या शंका स्टेल्थच्या दर्जाविषयी, इंजिनाविषयी आणि तंत्रज्ञान कितपत हाती लागेल याविषयी होत्या. त्यांतल्या किती फिटल्या, हे सुखोईची बाजू घेणाऱ्याने सांगायला हवे.

विमान आणि विमानाभोवतीची व्यवस्था यांतले अंतर सोलापूरकरांना वेगळे समजावून सांगावे लागू नये. होटगी रस्त्यावर धावपट्टी होती, पण नियमित प्रवासी सेवा टिकत नव्हती. विमानांच्या मार्गात येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद वर्षानुवर्षे चालला, १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि गोव्याचे विमान उडायला जून २०२५ उजाडले. लढाऊ विमानाच्या बाबतीत हीच साखळी कितीतरी लांब असते : लेप जपण्यासाठी तापमान राखणारे हँगर, त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ, वेगळी शस्त्रे, वेगळी सुटी सामग्री, वेगळे अनुकारक (सिम्युलेटर). आपल्या मे महिन्यातल्या उन्हात धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाच्या लेपाचे काय होते, हा प्रश्न कोणत्याही पत्रकातल्या वेगाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. दोन स्क्वाड्रनपुरती खरेदी करायची ठरवली तरी ही सगळी व्यवस्था पूर्णच उभारावी लागते, आणि म्हणूनच ‘तात्पुरती थोडी विमाने घेऊ’ हा ऐकायला समजूतदार वाटणारा पर्याय हिशेबात सर्वांत महाग पडतो.

‘ॲम्का’ला मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यातून पाच नमुना-विमाने बांधायची आहेत. २५ टनांचे, दोन इंजिनांचे, पोटात सुमारे दीड टन शस्त्रे वाहणारे हे विमान कागदावर चांगले आहे. मे २०२५ मध्ये त्याच्या बांधणीची स्पर्धा खासगी उद्योगांनाही खुली करण्यात आली, हा निर्णय मला विमानाच्या आराखड्याइतकाच मोलाचा वाटतो. पहिले उड्डाण या दशकाच्या अखेरीस आणि सेवेत प्रवेश २०३५ च्या सुमारास, असे उद्दिष्ट आहे. तेजस या आधीच्या स्वदेशी लढाऊ विमानाचा लांबत गेलेला इतिहास पाहिलेल्या माणसाने त्यात दोन-तीन वर्षे मनातल्या मनात मिळवावीत.

ही वर्षे वाढतात कशामुळे, याचे उत्तर बहुतेक वेळा इंजिनात सापडते. तेजस मार्क-१ए साठी २०२१ मध्ये ९९ अमेरिकी इंजिने मागवली गेली, आणि त्यांतले पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले. तोवर तयार सांगाडे इंजिनाची वाट पाहत राहिले. स्वदेशी कावेरी इंजिन पुरेसा जोर देऊ न शकल्याने २००८ मध्येच तेजसपासून वेगळे काढले होते. ‘ॲम्का’चा पहिला प्रकार अमेरिकी एफ-४१४ इंजिनावरच उडणार आहे. म्हणजे पहिली काही वर्षे स्वदेशी विमानाच्याही हृदयावर परक्याचा ताबा राहील, हा आक्षेप खरा आहे आणि तो मांडणाऱ्याला उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर म्हणजे फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर अधिक जोराचे इंजिन भारतात विकसित करण्याची दिशा, जी संरक्षणमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केली.

इतर नावांना फार वेळ देऊ नये. तुर्कस्तानचे ‘कान’ हे विमान फेब्रुवारी २०२४ मध्ये उडाले, पण ते आपल्याला मिळणार नाही. कोरियाच्या केएफ-२१ ची शस्त्रे अद्याप बाहेर टांगलेली असतात. अमेरिकेने बोइंगला मार्च २०२५ मध्ये बांधायला दिलेले एफ-४७ तर आपल्या चर्चेच्या कक्षेतच येत नाही.

राफाल आणि तेजस स्टेल्थ नाहीत, तरीही त्यांना या तुलनेत स्थान आहे, कारण संख्येची उणीव तीच भरून काढू शकतात. राफालची ३६ विमाने हवाई दलात असल्याने त्यांची व्यवस्था उभी आहे, आणि आणखी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये झाला आहे.

त्यामुळे वादविवादात मला उभे केले, तर मी एफ-३५ ला नकार देईन, सुखोई-५७ चा विचार केवळ ओझरला खरेखुरे उत्पादन आणि स्वतःची शस्त्रे बसवण्याचा अधिकार लेखी मिळाल्यासच करीन, आणि तोवरचा पैसा तेजस, राफाल, लांब तरंगलांबीची रडारे व ‘ॲम्का’चे इंजिन यांत घालावा असे म्हणेन. समोरच्या बाजूला माझ्याविरुद्ध एक प्रभावी मुद्दा उरतो : पाकिस्तानकडे जे-३५ ची पहिली स्क्वाड्रन २०३० पूर्वी उभी राहिली आणि ‘ॲम्का’चे पहिले उड्डाण तेव्हाही झालेले नसले, तर मधली पाच-सात वर्षे केवळ जमिनीवरच्या रडारांच्या भरवशावर काढावी लागतील. तसे होताना दिसले तर ओझरचा पर्याय मी पुन्हा उघडीन. एफ-३५ चा तरीही नाही.