फ्लॉक्स: दरवर्षी पेरायचा की एकदाच लावायचा?

फ्लॉक्स हे झुबक्यांनी फुलणारं फुलझाड. त्यातला एका हंगामात संपणारा हंगामी लावू की वर्षानुवर्षं टिकणारा बहुवर्षायू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठतं का? गोठत नसेल तर निवड जवळपास झालेलीच आहे. बहुवर्षायू फ्लॉक्सला, म्हणजे फ्लॉक्स पॅनिक्युलाटाला, थंडीतली गाढ झोप लागते. जमिनीवरचं सगळं वाळून जातं, मुळं निजून राहतात आणि वसंतात त्याच ठोंबातून नवे फुटवे वर येतात. ही झोप मिळाली नाही तर झाड नुसतं तग धरून राहतं, मनापासून फुलत नाही. उष्ण भागातल्या माणसाने हंगामी फ्लॉक्स ड्रमोंडी थंडीच्या तोंडावर पेरावा आणि समाधानाने राहावं. पुढचं सगळं लिहितोय ते ज्यांच्याकडे दोन्ही जगू शकतात आणि वाफा मात्र एकच रिकामा आहे, त्यांच्यासाठी.

माझ्याकडे दोन्ही बरीच वर्षं शेजारी शेजारी होते. जमिनीवर पसरणारा तिसरा, फ्लॉक्स सबुलाटा, मी या तुलनेत धरत नाही. वसंतात काही आठवडे रंगाची चादर आणि एरवी बारीक, टोकदार हिरवी पानं, असा त्याचा संसार. उतार किंवा दगडांच्या फटी झाकायच्या असतील तर तोच घ्यावा. उंची हवी असलेल्याला त्याचा उपयोग नाही.

बहुवर्षायू फ्लॉक्सची बाजू आधी मांडतो, कारण पहिल्या नजरेत तोच जिंकतो. कमरेपर्यंत, कधी त्याहूनही वर जाणारे सरळ दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला फुलांचा भरगच्च झुबका. उन्हाळ्याच्या मध्यावर बाकीची बाग दमलेली असते, तेव्हा हा उभा राहतो. आणि सुगंध! दिवसा जवळ गेल्यावर कळतो, पण संध्याकाळी हवा जड झाली की पलीकडच्या पायरीपर्यंत येतो. फुलाची नळी लांब आणि अरुंद असते, त्यामुळे लांब सोंडेची फुलपाखरं आणि तिन्हीसांजेचे पतंग यावर फार येतात. हंगामी फ्लॉक्सलाही सुगंध आहे, पण त्यासाठी वाकावं लागतं.

याच्याबद्दल सगळे घाबरवतात ते भुरीवरून. उन्हाळा सरत आला की खालच्या पानांवर पिठासारखा पांढरा थर येतो, पानं खालून वर करपत जातात आणि फुलं वर डौलात असताना खाली उघडे पाय दिसतात. माझ्याही झाडांना पहिली दोन वर्षं हा त्रास झाला. पण भुरीमुळे कुणी हा फ्लॉक्स नाकारू नये असं मला वाटतं, कारण तिचा स्वभाव कळला की ती आवाक्यात येते. बहुतेक बुरशींना ओलं पान हवं असतं. भुरीला पानावर साचलेलं पाणी उलट मानवत नाही. तिला दमट, कोंडलेली हवा आणि तहानलेली मुळं एकत्र हवी असतात. म्हणून झाडांत दीड-दोन फूट अंतर ठेवायचं, वसंतात फुटवे वीतभर झाले की ठोंबातले पाच-सहा जोमदार ठेवून बाकीचे मुळापासून काढायचे, पाणी बुंध्याशी आणि भरपूर द्यायचं, वर आच्छादन घालायचं. फुटवे काढताना हात धजत नाही, मला ठाऊक आहे. काढा. उरलेल्या दांड्यांवरचे झुबके मोठे येतात, आणि मधून हवा खेळते. शेवटी सुकलेले दांडे आणि पाचोळा बागेत राहू द्यायचा नाही, रोग त्यातच हिवाळा काढतो.

वाणाची निवड केली तर काम आणखी हलकं होतं. पांढरा ‘डेव्हिड’ पानं स्वच्छ ठेवण्यासाठी नावाजलेला आहे. अमेरिकेतल्या बहुवर्षायू झाडांच्या संघटनेने 2002 साली त्याला वर्षाचं झाड म्हणून निवडलं होतं. ‘जीना’ची फुलं अगदी लहान, पण पानं निरोगी. अमेरिकेतल्याच डेलावेअर राज्यातल्या माउंट क्यूबा सेंटर या वनस्पती उद्यानाने फ्लॉक्सच्या अनेक वाणांची शेजारी शेजारी लागवड करून पाहिली, तेव्हा सर्वांत जास्त फुलपाखरं याच लहान फुलांवर आली. मी ‘डेव्हिड’ घेतला. भुरीचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच जवळपास संपला.

माझं मन फिरलं ते भलत्याच कारणाने.

चौथ्या उन्हाळ्यात त्या पांढऱ्या ठोंबाच्या मधोमध एक जांभळट गुलाबी झुबका आला. पुढच्या वर्षी तीन आले. सहाव्या वर्षी पांढरं फूल शोधावं लागत होतं. आधी वाटलं, रोपवाटिकेने चुकीचं रोप दिलं असणार. मग कुणीतरी ठामपणे सांगितलं की झाड ‘मूळ रंगावर गेलं’. फ्लॉक्स लावणाऱ्यांत हा समज फार पक्का आहे, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. झाड तेच असतं, त्याचा रंगही तोच असतो. फक्त त्याच्या जागेवर त्याचीच पोरं वाढलेली असतात.

घडतं ते असं. फ्लॉक्सची बोंडं पूर्ण वाळली की तडकून फुटतात आणि बी उडवतात, काही लांब, काही थेट ठोंबाच्या पोटात. ते बी हिवाळाभर ओल्या, गार मातीत पडून राहतं, आणि या जातीच्या बियांना उगवायला नेमकं तेच लागतं. वसंतात ठोंबातून खरे फुटवे येतात, त्याच सुमाराला ही रोपंही येतात. पहिले काही आठवडे त्यांचे दांडे बारीक असतात, तेव्हा निरखून पाहिलं तर ओळखू येतात. नंतर नाही. बियांपासून आलेलं रोप आईसारखं निघेलच असं नसतं; बरीचशी रानटी रंगाकडे झुकतात आणि अंगाने धट्टीकट्टी असतात. निवडून जपलेला नाजूक वाण त्यांच्यापुढे हळूहळू मागे सरतो.

मग उपटून टाका, असं म्हणणं सोपं आहे. मी गुलाबी दांडे फुलं असतानाच खुणावून ठेवले आणि पानगळीच्या वेळी ठोंब पूर्ण खणून काढला. मुळं एकमेकांत अशी विणली गेली होती की पांढऱ्याचं कुठलं आणि गुलाबीचं कुठलं, सांगता येत नव्हतं. जमेल तेवढं सोडवलं. पण बहुवर्षायू फ्लॉक्स मुळाच्या तुकड्यातूनही उगवतो. मातीत राहिलेला बोटाएवढा तुकडा पुढच्या वसंतात रोप होऊन उभा राहिला, आणि एक नव्हे, अनेक. ज्या गुणामुळे या झाडाची रोपं मुळांच्या तुकड्यांपासून हवी तेवढी करता येतात, तोच गुण इथे अंगावर आला.

यावर उपाय एकच आहे: बोंडं धरायच्या आत सुकलेला प्रत्येक झुबका कापायचा, एकही न चुकवता. ज्यांना उन्हाळ्याच्या शेवटी रोज बागेत उतरता येतं, त्यांनी माझ्या तक्रारीकडे दुर्लक्ष करावं. वरचा झुबका कापला की खालून लहान झुबके येतात, तोही फायदाच. मला मात्र त्याच दिवसांत काही आठवडे घरापासून लांब राहावं लागतं, दरवर्षी. परत येईपर्यंत बोंडं तडकलेली असतात.

आता हंगामी. त्याचीही अडचण सांगून टाकतो: दरवर्षी पेरणी. शिवाय त्याला पुनर्लागवड आवडत नाही. मुळं दुखावली की रोप आठवडाभर मान टाकतं. म्हणून मी जागेवरच पेरतो. बियांवर पाव सेंटीमीटरच्या आसपास माती हवी, कारण त्यांना उगवायला अंधार लागतो, आणि माती गार हवी. दोनेक आठवड्यांत रोपं दिसतात. चार-सहा पानांवर आली की शेंडा खुडायचा, नाहीतर एकच दांडा उंच जाऊन आडवा पडतो. पेरणीपासून दोन-अडीच महिन्यांत फूल. कडक ऊन सुरू झालं की फुलं आटतात. तेव्हा निम्म्यावर छाटून पाणी दिलं तर हवा गार होताच पुन्हा बहर येतो. प्रखर उन्हाळ्यात ते तग धरत नाही, हे मात्र मान्य करावं लागेल. तिथे बहुवर्षायूची बाजू वरचढ.

विरळणी करताना एक गोष्ट मी अनुभवातून शिकलो. मिश्र रंगांच्या बियांत जी रोपं मागे पडलेली, किडकिडीत दिसतात, त्यांतच फिकट पिवळसर, दुरंगी, मध्यभागी डोळा असलेली फुलं जास्त निघतात. धट्टीकट्टी रोपंच ठेवली तर वाफा एकाच गुलाबी छटेचा होतो. मी आता प्रत्येक ओळीत दोन-तीन अशक्त रोपं मुद्दाम राखतो आणि त्यांच्या शेजारची जोमदार रोपं काढतो.

हंगामी फ्लॉक्सच्या ‘ड्रमोंडी’ या नावामागची हकिकत मला फार जवळची वाटते. टॉमस ड्रमंड नावाचा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक 1830च्या दशकात टेक्सासात फिरला, तिथून त्याने ब्रिटनला बी पाठवलं आणि 1835 मध्ये क्यूबात तो वारला. त्याने पाठवलेल्या बियांतून फुललेलं हे झाड त्याने स्वतः बागेत कधी पाहिलं नाही. विल्यम हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच वर्षी झाडाला ड्रमंडचं नाव दिलं. टेक्सासात आजही हे रानात फुलतं, आणि ज्या भागात ते फ्लॉक्स कस्पिडाटा या भाऊबंदाच्या शेजारी उगवतं तिथे त्याचा फिका निळसर रंग जाऊन गडद लाल येतो. दोन्ही जाती फिक्या असल्या की फुलपाखरं एकीचं परागकण दुसरीवर नेतात; एक लाल झाली की ही सरमिसळ पुष्कळ कमी होते.

आणि बी? हेही बोंड तडकून बी उडवतं, अगदी त्याच्या मोठ्या भावासारखंच. काही रोपं पुढच्या वर्षी आपोआप येतात आणि त्यांचे रंग पेरलेल्या रंगांशी जुळत नाहीत. पण इथे मला त्याची तक्रार नाही. इथे हरवायला एक ठराविक पांढरा नसतो. कुठलं रोप काय रंग घेऊन येईल याची मी वाट पाहतो, आणि एखादा रंग नकोसा वाटला तर तो हंगामापुरताच असतो, मुळं धरून बसत नाही. हीच एक गोष्ट माझ्या लेखी उंची, सुगंध आणि दरवर्षीची पेरणी या सगळ्यांपेक्षा जड ठरली. तुमच्या लेखी कदाचित ठरणार नाही. पांढराच हवा, तिथेच हवा, आणि झुबके वेळेवर कापण्याची तुमची तयारी असेल, तर बहुवर्षायूच घ्या. उन्हाळ्यात बागेला तेवढा भारदस्तपणा देणारी झाडं थोडी असतात.

मी ‘डेव्हिड’चा एक ठोंब अजून ठेवलाय, पायरीजवळ, मोठ्या कुंडीत. आसपास माती नाही, त्यामुळे बी पडलं तरी नजरेत राहतं, आणि संध्याकाळचा सुगंध मिळतो. मोकळा झालेला वाफा मात्र पूर्ण हंगामीला दिला. दांडे पिवळे पडू लागले की मी बोंडांसकट कापून कागदी पिशवीत ठेवतो आणि पिशवीचं तोंड दुमडून कपाटावर टाकतो. पुढचे काही दिवस दुपारच्या शांततेत त्या पिशवीतून टक टक आवाज येत राहतो.