मर्लिन अ‍ॅप आणि येऊरचा लाल छातीचा माशीमार

ऑक्टोबर ते मार्च ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलवाटांवर सावलीतल्या फांदीवरून सुका, घरंगळल्यासारखा ‘ट्र्र्र्र’ ऐकू येतो. आवाज करणारा जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा असतो. पूर्व युरोप आणि रशियाच्या जंगलांत घरटी करून हिवाळ्यापुरता आपल्याकडे उतरणारा हा लाल छातीचा माशीमार. त्याचा माग काढायला कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचे मर्लिन अ‍ॅप फार कामाचे आहे. मात्र ते सुचवते ते नाव म्हणजे निकाल नव्हे.

अ‍ॅप फुकट आहे, जाहिरातींचा त्रास नाही. भारताचा पक्षी-पॅक (इथल्या पक्ष्यांच्या माहितीचा संच) आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर उतरवून घ्या, तो चांगला जड असतो. एकदा पॅक आला की आवाज ओळखायला नेट लागत नाही, आणि आतल्या वाटांवर रेंजचा भरवसा नसतोच. मायक्रोफोनसोबत लोकेशनचीही परवानगी द्या. ठिकाण आणि तारीख पाहूनच अ‍ॅप अशक्य पक्षी गाळते, आणि त्यासाठी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर लोकांनी केलेल्या नोंदींचा आधार घेते.

साउंड आयडी ही सोय २०२१ मध्ये आली. ती आवाजाचा आलेख काढते आणि त्या चित्रावरून पक्षी ओळखते. दयाळासारख्या गवयाला ती चटकन पकडते, कारण लांब गाण्याचे चित्र ठळक उमटते. पण हिवाळी पाहुणे इथे सहसा गात नाहीत, नुसते तुटक कॉल, म्हणजे छोट्या हाका, देतात. घोडबंदर रोडच्या वाहतुकीची घरघर, वारा, पायाखालचा पाचोळा, वेफर्सची पिशवी यांत तो तुकडा बुडून जातो. इथलाच रहिवासी टिकेलचा निळा माशीमारही ‘टिक-टिक’ करतो, ब्लाइथचा वटवट्या झुडपातून ‘चक’ म्हणतो. अ‍ॅपच्या यादीत एकाच क्षणासाठी एखादे नाव उजळले आणि परत उजळलेच नाही, तर ते सोडून द्यावे.

रेकॉर्डिंग करताना उभे राहा, चालू नका. फोनचा खालचा माइक पक्ष्याच्या दिशेला धरा आणि कव्हरने तो झाकलेला नाही ना, ते बघा. बोट माइकवर ठेवणे ही सगळ्यात सामान्य चूक. कॉल तीन-चार वेळा येईपर्यंत थांबा. मग यादीतल्या नावावर टॅप करून आपले रेकॉर्डिंग आणि अ‍ॅपमधला नमुना ताडून पाहा, तेही इअरफोन लावून. जंगलात नमुना मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावणे हा निव्वळ उपद्रव आहे.

खरी गोची तैगा माशीमाराशी होते. तो सायबेरियाकडचा असून हिवाळ्यात मुख्यतः ईशान्य भारत आणि आग्नेय आशियात असतो. दोघांच्याही शेपटीच्या बुंध्याला बाजूंनी पांढरे डाग असतात आणि दोघेही शेपटी उचलून धरतात. तैगाचा ‘ट्र्र्र’ जास्त जलद आणि यांत्रिक असतो, पण फोनच्या माइकवर एवढा फरक सोडवणे अवघड. इथे दुर्बीणच हवी. लाल छातीच्या माशीमाराच्या खालच्या चोचीचा बुंधा फिकट असतो, तैगाची चोच जवळपास पूर्ण काळी. तैगाच्या शेपटीचा बुंधा वरून झाकणारी पिसे शेपटीहूनही गडद काळी असतात. गळ्याच्या रंगावर मात्र विसंबू नका. लाल छातीच्या प्रौढ नराचा नारिंगी गळा हिवाळ्यातही टिकतो, तैगाच्या नराचा बहुतेकदा जातो. पण माद्या आणि पहिल्या हिवाळ्यातले नर यांना तो नारिंगी रंग नसतोच.

आवाज न मिळाल्यास आकार, रंग आणि वागणूक विचारणारी प्रश्नावलीही आहे. माशीमारांसाठी ती ठीकठाक, पर्ण वटवट्यांपुढे हात टेकते. त्यांत सगळेच हिरवट दिसतात!

आमच्याकडून अ‍ॅपला पाचपैकी चार गुण. अ‍ॅपने नुसते ऐकून सुचवलेले नाव ई-बर्डवर चढवू नका. तैगा लिहायचाच असेल, तर शेपटीचा बुंधा स्पष्ट दिसेल असा पाठीमागून काढलेला फोटो सोबत जोडा.